बाजार उठता उठता

शुक्रवार दुपार, चार वाजलेत. मोबाइल टिंग करतो. आज रात्रीच्या प्रयोगाचं तिकीट अर्ध्या किमतीत! तुम्ही एक्सेल शीट मिनिमाइज करता, शेजारच्या कलीगला खुणावता, आणि ठरतं. ऑफिसातून थेट नाट्यगृह. पाचशेचं तिकीट अडीचशेत, वाचलेल्या पैशात मध्यंतराला बटाटावडा आणि कॉफी. सॉलिड डील, नाही?

डील सॉलिडच आहे. फक्त ती नेमकी कुणासाठी आहे, हे कुणी विचारत नाही.

यामागचा फंडा सोपा आहे. नाटकाची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. तिसरी घंटा झाली की तिची किंमत शून्य. मग शून्यापेक्षा अर्धे बरे, हे कुठलाही निर्माता सांगेल. आमच्या पातूरच्या आठवडी बाजारात तर हे अर्थशास्त्र शाळेत न जाताच कळतं. ऊन उतरलं की मेथी, वांगी, सांबार (म्हणजे कोथिंबीर हो, पुणेकर!) यांचे भाव धडाधड खाली येतात. उरलेला माल परत नेऊन करायचं काय?

पण हा उतरता भाव मिळतो कुणाला? जे गावातच राहतात त्यांना. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले लोक चढ्या भावात पिशवी भरून केव्हाच एसटीनं नाहीतर काळीपिवळीनं निघून गेलेले असतात. बाजार उठेपर्यंत थांबलं तर गाडी चुकते. दोन पैसे वाचवायची ज्याला जास्त गरज, तोच ते वाचवायला थांबू शकत नाही.

सेम-डे डिस्काउंटचं अगदी असंच होतं.

ही आयडिया मोठ्या प्रमाणावर रुजवली न्यूयॉर्कनं. २५ जून १९७३ ला टाइम्स स्क्वेअरमध्ये टीकेटीएस नावाची खिडकी उघडली. त्याच दिवसाच्या प्रयोगांची उरलेली तिकिटं, अर्ध्या भावात. थिएटर डेव्हलपमेंट फंड नावाची ना-नफा संस्था ती चालवते. १९८० मध्ये लंडननंही लेस्टर स्क्वेअरला तशीच खिडकी काढली. दोन्हीकडे रांगा लागल्या, आणि आजही लागतात. रांग म्हणजे लोकशाही, असं आपल्याला वाटतं. पहिला येईल त्याला पहिलं. पण रांगेत उभं राहायला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. सुट्टीवर आलेल्या टुरिस्टला दोन तास उभं राहता येतं. दोन शिफ्ट करणाऱ्या वेटरला कसं जमणार?

१९९६ मध्ये 'रेंट' ब्रॉडवेवर आलं, तेव्हा एक वेगळीच गोष्ट झाली. नाटकाचा विषयच न्यूयॉर्कमधले कडके कलाकार, ज्यांना भाडं भरता येत नाही. मग त्यांच्यासारख्यांनी ते बघायचं कसं? निर्मात्यांनी पहिल्या दोन रांगा रोज त्याच दिवशी २० डॉलरला विकायला काढल्या. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे रांगा 'पहिल्या' होत्या. स्वस्त तिकीट म्हणजे बाल्कनीचा खांब आणि मागचा पंखा, हे समीकरण त्यांनी उलटं केलं. पण झालं काय, पोरं-पोरी रात्र रात्र फुटपाथवर झोपायला लागली. शेवटी रांग बंद करून लॉटरी आणावी लागली.

२०१५ मध्ये 'हॅमिल्टन'नं तोच कित्ता गिरवला. तिकीट १० डॉलर, कारण दहाच्या नोटेवर हॅमिल्टन साहेबांचंच चित्र. थिएटरबाहेर इतकी गर्दी व्हायला लागली की जानेवारी २०१६ मध्ये लॉटरी ऑनलाइन नेली, आणि पहिल्याच दिवशी साइट कोसळली!

लॉटरीत निदान चिठ्ठी काढणारा तुमची चप्पल बघत नाही. म्हणून रांगेपेक्षा लॉटरी मला जास्त न्याय्य वाटते. पण नंबर लागला की संध्याकाळी हजर राहायचं. म्हणजे चिठ्ठी सगळ्यांची, पण खुर्ची शेवटी जवळ राहणाऱ्याचीच.

आता आपल्याकडे या. मराठी नाटकाला टीकेटीएससारखी एक सामाईक खिडकी नाही. आपल्याकडे प्लॅन उघडतो, बुकिंग क्लार्क पेन्सिलनं खुणा करतो, आता त्याच्या जोडीला बुकमायशो आणि प्रशांत दामल्यांचं 'तिकिटालय' आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला २०१८ पासून जीएसटी माफ आहे, त्यामुळे बऱ्याच नाटकांचा वरचा दर त्या आकड्याच्या आसपास घुटमळतो. सवलत मिळाली तरी ती शे-दोनशेची. ती मिळते कशी? कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो म्हणून. तुम्ही त्या ग्रुपवर असलात तर!

आणि आपली खरी सेम-डे योजना तर अजून वेगळीच आहे. तिचं नाव 'पास'. ओळख असली की चकटफू. गंमत बघा, पास मिळतो तो बहुतेक वेळा ज्याला पाचशे रुपये सहज परवडतात त्याला. आणि मागच्या रांगेत पूर्ण पैसे भरून बसलेला पोरगा आठवडाभर आधी बुकिंग करून आलेला असतो. त्याचं काय चुकलं? यातून लोक वेगळाच धडा शिकतात, आधी घेऊ नका, शेवटी स्वस्त होतंच. मग अ‍ॅडव्हान्स बुकिंग रोडावतं, आणि निर्माता पुढचा प्रयोग लावावा की नको या विचारात पडतो.

असो. मी म्हणत होते पातूरचं.

पातूर अकोल्यापासून तीसेक किलोमीटर. गावात रेल्वे नाही, जायचं ते वाशीम रोडनं, एसटीनं. नाटक बघायचं तर अकोल्याला, प्रमिलाताई ओक सभागृहात वगैरे. मुंबई-पुण्याचं नाटक इकडे येतं ते बहुतेक वेळा कुणा कॉन्ट्रॅक्टरनं किंवा स्थानिक मंडळानं आणलेलं. सेटचा ट्रक, कलाकारांची बस, लॉजिंग, सगळा खर्च एका प्रयोगातून काढायचा असतो, त्यामुळे डिस्काउंटची भाषा कमीच. समजा, काढला कुणी अर्धा भाव. मी मावशीला फोन करून सांगितलं, "मावशी, आज रात्रीचं तिकीट अर्ध्यात मिळून राहिलं." तिचं उत्तर रेडी. "अन् नाटक सुटल्यावर मले घरी कोन आणून घालीन? तुये अडीचशे वाचले बाप्पा, पन गाडीवाला हजार घेते!"

मावशीनं एका वाक्यात जे सांगितलं ते कुठल्याही तिकीट अ‍ॅपला कळलेलं नाही. तिकीट महाग आहे म्हणून ती येत नाही, असं नाहीच. परतीची गाडी नाही म्हणून ती येत नाही. तिच्या तिकिटाची खरी किंमत नाट्यगृहाच्या दारात संपत नाही, ती पातूरच्या स्टँडवर संपते. आणि संध्याकाळी चारला कळवलेली सवलत तर तिच्यासाठी सवलतच नाही. स्वयंपाक, नातवाची शाळा, सोबत कोण येणार, हे सगळं दोन तासांत कसं जमवायचं?

उलट एसटीचं बघा. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. रांग नाही, लॉटरी नाही, ग्रुप नाही. बसमध्ये चढायचं, कंडक्टर अर्धं तिकीट देतो. आज आहे, उद्याही आहे. म्हणून मावशी त्यावर प्लॅन करू शकते. रेणुकामातेच्या टेकडीवर दर्शनाला तिच्या अकोल्याच्या बहिणी आता महिन्याआड येतात, त्या याच भरवशावर. सवलत नशिबावर असली की तिचा उपयोग नशीबवानालाच होतो.

हे सगळं जमणार नाही असं म्हणू नका, कारण आपल्याच विदर्भात ते जमलेलं आहे. वऱ्हाडात नाही, पार पूर्वेला, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण. मंडप गावातच, तिकीट मंडपाच्या दारात. आणि नाटक? रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत! आपण शहरी मंडळी हसतो, एवढं लांबलचक नाटक कोण बघणार म्हणून. पण विचार करा. दहा गावांहून आलेला माणूस मध्यरात्री अंधारात परत जाणार कसा? नाटक उजाडताना संपलं की तो सरळ घरची वाट धरतो. त्या नाटकाच्या लांबीत परतीच्या प्रवासाचा हिशेब बसून गेलाय.

राज्य नाट्य स्पर्धेचंही मला कौतुक वाटतं ते याच कारणानं. १९५४ पासून चाललेली ही स्पर्धा प्राथमिक फेरीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जाते, तिकीट नाममात्र, आणि ते सगळ्यांना सारखं. नाटकं हौशी असतात, काही भयंकरही असतात. पण बघायला येणारा कुणाच्या मेहेरबानीवर येत नाही.

तर निर्मात्यांनो, सभागृहवाल्यांनो, अर्ध्या भावाची खुशाल योजना काढा. पण चार गोष्टी करून बघा. स्वस्त तिकिटांचा ठरावीक वाटा प्रत्येक प्रयोगाला ठेवा, आणि तो किती ते जाहीर करा. त्यातली निम्मी तिकिटं सकाळी दहाला, साध्या फोनवर द्या, म्हणजे लांबच्याला निघायला वेळ मिळेल आणि स्मार्टफोन नसणाऱ्यालाही संधी. त्या जागा दोन-तीन तरी पुढच्या रांगांतल्या असू द्या. आणि तालुक्यांच्या गावांचा विचार करून महिन्यातून एक प्रयोग रविवारी दुपारी लावा.

मावशीला हे शेवटचं सांगितलं, दुपारी तीनचा प्रयोग. ती म्हणाली, "मंग पुऱ्या तिकिटात येतो न. शेजारनीलेही आनतो."