मॅन्ली फेल गेले म्हणे!

जमैकाचे माजी पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांचं नाव काढलं की आपल्यातले एमबीएवाले लगेच सुरू: समाजवादी माणूस, देश बुडवला! अरे, १९७३ ला तेल भडकलं ते काय त्यांनी भडकवलं? १९७४ मध्ये बॉक्साइट उपसणाऱ्या परदेशी कंपन्यांवर जास्तीचा कर लावला, हा गुन्हा? कर्ज वाढलं, दुकानात माल मिळेना, १९८० ला ते हरले. मान्य. पण १९७६ च्या कायद्याने लग्नाबाहेर जन्मलेल्या पोरांना बरोबरीचा दर्जा मिळाला, तो कुठल्या बॅलन्स शीटमध्ये मांडणार? (वेस्ट इंडिज क्रिकेटचा इतिहासही यांनीच लिहिलाय बरं का.) आणि १९८९ ला परत निवडून आल्यावर बाजार खुला केला तोही त्यांनीच. हे मात्र त्यांचे डावे भक्त हळूच गाळतात!