टाकीतला समुद्र आणि डीएपीचा दाणा



आज आधी माझी एक चूक सांगतो, मग समुद्राची गोष्ट.

आमच्या वर्गात खिडकीजवळ काचेची एक टाकी आहे. मोठी नाही, पन्नास लिटरची. तिच्यात गप्पी मासे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गावात हौदात सोडतात ना, तेच! दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा शाळेजवळच राहणाऱ्या चौथीतल्या एका मुलीला मी म्हणालो, "रोज येऊन माशांना खाऊ टाकत जा बरं." ती आनंदाने हो म्हणाली.

सुट्टी संपवून आलो तर काय! टाकीतलं पाणी मेंदी कालवल्यासारखं हिरवंगार. काच बुळबुळीत. सात मासे मेलेले. मला राग आला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पाणी कोणी घाण केलं?"

ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "सर, म्या नाही केलं घाण. मासे उपाशी रायतीन म्हणून दिवसातून चारदा खाऊ टाकला. अन् लाईट जास्त जळू नये म्हणून संध्याकाळी हवेची मोटर बंद करत होती."

आता सांगा, चूक कोणाची? खाऊ टाक म्हणालो, पण किती टाकायचा ते सांगितलं नाही. मोटर कशासाठी असते तेही सांगितलं नाही. चूक माझीच. मी वर्गासमोर तिची माफी मागितली.

मग दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहिले : 'खाऊ' आणि 'प्रवाह'. काचेच्या टाकीत समुद्र वसवणारी माणसंसुद्धा याच दोन शब्दांपाशी अडखळतात, बरं का!

प्रवाळ तुम्ही चित्रात पाहिलं असेल. लाल, जांभळी, हिरवी झाडंच जणू! पण ती झाडं नाहीत. ती आहेत इवल्याइवल्या प्राण्यांची वसाहत. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपलं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि घरमालकाला वाटा देतं. भाडंच म्हणा ना!

प्रवाळ पाहायला फार दूर जायला नको. आपल्या महाराष्ट्रातही आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात, एक मोठं प्रवाळी पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरूनच ते पडलं.

प्रवाळाचे खडक वाढतात ते पाणी कसं असतं? निळंशार आणि स्वच्छ. स्वच्छ म्हणजे त्यात खत जवळजवळ नाहीच. फॉस्फेट हे असंच एक खत. प्रवाळाची टाकी सांभाळणारे लोक साधारणपणे एका लिटरमध्ये ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट ठेवायला बघतात.

हा आकडा एवढासा, डोळ्यांसमोर कसा येणार? चला, आपल्या कोठारात जाऊ. सोयाबीन पेरताना बाबा डीएपी आणतात. पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा. हिशेब केला तर एक ग्रॅम डीएपीतून सुमारे ६०० मिलिग्रॅम फॉस्फेट निघतं. आता ६०० ला ०.०३ ने भागा पाहू! उत्तर येतं २०,०००. म्हणजे चिमूटभर डीएपी वीस हजार लिटर पाण्याला ०.०३ पर्यंत पोचवतं. दहा हजार लिटरचे दोन टँकर! आणि एक दाणा? त्याला दोनशे लिटरचे दोन ड्रम पाणी लागेल.

पिकाला जे खत, तेच शेवाळालाही खत. फॉस्फेट वाढलं की टाकीतलं मोकळं शेवाळ फोफावतं आणि प्रवाळाला झाकून टाकतं. शिवाय जास्त फॉस्फेट चुन्याचे स्फटिक नीट जमू देत नाही. घर बांधणाऱ्यालाच सिमेंट मिळू नये, तसं होतं. मग फॉस्फेट अगदी शून्य करावं का? नाही! थोडं प्रवाळालाही हवंच. भाजीतल्या मिठासारखं.

टाकीत हे येतं कुठून? बहुतेक माशांच्या खाऊतून, आणि कधी भरलेल्या पाण्यातूनही. म्हणून पहिला उपाय फुकटचा : खाऊ बेताचा टाका. थोडंथोडं पाणी बदला. डाळ शिजताना वर फेस येतो आणि आई तो पळीने काढते, तसं बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर काढणारं यंत्रही असतं. आणखी एक गंमत म्हणजे शेवाळावर शेवाळाचाच उपाय! ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथे १९८७ साली सुरू झालेल्या मत्स्यालयात प्रवाळाची टाकी होती पंचवीस लाख लिटरची. तिचं पाणी उथळ ताटांवरून फिरवत. ताटांत मुद्दाम शेवाळ वाढवत आणि खरवडून काढत. शेवाळ गेलं की त्याने खाल्लेलं खतही बाहेर गेलं!

घाई मात्र चालत नाही. टाकीतले दगड फॉस्फेट शोषून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. आज पाणी बदललं आणि उद्या आकडा पुन्हा वर, असं होतं. तेव्हा धीर धरायचा.

आता 'प्रवाह'. मासा खाऊकडे पोहत जातो. प्रवाळ एका जागी चिकटलेलं. त्याचं जेवण, त्याचा प्राणवायू पाण्यानेच आणून द्यायचा आणि घाणही पाण्यानेच न्यायची. म्हणून शंभर लिटरच्या टाकीत पंप तासाला दोन हजार लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी ढवळतात. तेही एकाच बाजूने नाही. लाट येते, परत जाते, तसं उलटसुलट. पाणी जिथे साचून राहतं, त्या कोपऱ्यात घाण बसते, कुजते आणि फॉस्फेट सोडते. पाहा, खाऊ आणि प्रवाह कसे एकमेकांत अडकले आहेत!

यासाठी फार महागडं काही लागतंच असंही नाही. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहून ठेवलं, की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते टाकीत समुद्र सांभाळत होते.

आमच्या टाकीत काय झालं, ते आता तुम्हीच ओळखलं असेल. उरलेला खाऊ कुजला, कुजण्यात प्राणवायू संपला. रात्री शेवाळही प्राणवायूच घेतं. आणि नेमकी रात्री मोटर बंद!

"मग सर, आपणही प्रवाळ आणायचं काय?" एकाने विचारलं. नाही रे बाबा. आपल्या देशात २००१ पासून प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रातून काढणं, विकणं गुन्हा आहे. समुद्र समुद्रातच बरा.

टाकीतलं हिरवं पाणी आम्ही परसबागेतल्या मेथीला घातलं. मेथी खूश! आणि टाकीची मंत्री कोण? तीच मुलगी. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ. मोटर चोवीस तास चालू. कोणी जास्त टाकायला गेलं की तीच ओरडते, "ए, थांब! काहून टाकतं?"

करून पाहा : मोठ्या माणसाला सोबत घेऊन नाल्याचं किंवा तळ्याचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरा. एकीत डीएपीचा एकच दाणा टाका, दुसरीत काही नाही. दोन्हींची झाकणं सैल ठेवून उन्हाच्या खिडकीत ठेवा. दहा-बारा दिवस रोज पाहून वहीत रंग लिहा. हात साबणाने धुवा. प्रयोग झाल्यावर पाणी झाडाला घाला, विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका. का ओतायचं नाही, ते आता तुम्हीच सांगाल!

काय दिसलं ते मला नक्की लिहून कळवा हं.

तुमचाच,
सर