कोटणीसांचा देश आणि न झालेली सही

चीनचा एखादा ज्येष्ठ नेता भारतभेटीस आला म्हणजे त्याने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या कुटुंबीयांची आवर्जून विचारपूस करावी, असा जणू शिष्टाचारच अनेक वर्षे पाळला गेला. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर काढलेला चित्रपट जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. हा आदर मनापासूनचा आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यागाचे गुणगान करण्यात एक मोठी सोय असते. ते एकदा केले की हिशेब चुकता झाला असे वाटू लागते. परक्या रणभूमीवर स्वेच्छेने गेलेल्या नागरी डॉक्टराचे जे ऋण जगावर चढते ते कोणी आणि कशाने फेडावयाचे, हा प्रश्न मग पुढे येतच नाही. या प्रश्नाचे एक उत्तर १९७७ पासून कागदावर तयार आहे. त्या कागदावर भारताची सही नाही.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर हवेत, अशी विनंती सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर जाहीर आवाहन केले. जुलैत देशभर 'चीन दिन' पाळले गेले आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला. पारतंत्र्यातल्या, स्वतःच औषधाला महाग असलेल्या देशाने हे पैसे जमविले, हे ध्यानात घेतले पाहिजे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. पथकप्रमुख अटल हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धातही शुश्रूषा करून आले होते.

आता या मोहिमेची जमाखर्चाची वही कोणी मांडली असती, तर खर्चाच्या बाजूस रुग्णवाहिका, औषधे, उपकरणे आणि प्रवास एवढेच आले असते. पाच जणांचे श्रम, त्यांच्या शिक्षणावर घरच्यांनी केलेला खर्च, सोडून दिलेली मिळकत आणि जिवाची जोखीम यांना त्या वहीत रकानाच नसता. जे बाजारात विकले जात नाही त्याची किंमत शून्य धरण्याची खोड आम्हां अर्थशास्त्राच्या अध्यापकांना जुनीच आहे. गृहिणीच्या श्रमांबाबत आम्ही तेच केले. स्वयंसेवकाबाबतही तेच होते, आणि मग 'विनामूल्य सेवा' हा शब्दप्रयोग रूढ होतो. वस्तुतः सेवेचे मूल्य कधीच नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी खात्यावर टाकले जाते, इतकेच.

कोटणीसांच्या खात्यावर ते पुरेपूर पडले. इतर सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. १९३९ च्या नोव्हेंबरात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून हे शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन मरण पावले. त्यांच्या नावाने चालविल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आली. डोंगराळ, वेढ्यात सापडलेल्या मुलुखात रुग्णालयच पाठीवर घेऊन हिंडावे अशी परिस्थिती. तेथे त्यांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या आणि त्याचबरोबर खेड्यांतून आलेल्या मुलांना ते हे काम शिकवीत राहिले. तेथेच त्यांनी क्वो छिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण स्मारकांच्या भाषणांत ती गाळली जाते. कोटणीस तटस्थ नव्हते. ज्या रुग्णालयात ते काम करीत होते ते आठव्या रूट आर्मीचे, म्हणजे एका लढणाऱ्या पक्षाचे होते; १९४२ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्वही घेतले. मग अशा डॉक्टराला शत्रूने आपला वैरी मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर डॉक्टराच्या मतांत शोधावयाचे नसते, त्याच्या हातांत शोधावयाचे असते. त्या हातात बंदूक आहे की चिमटा, एवढेच पाहावयाचे. युद्धविषयक कायद्याचा सारा डोलारा याच भेदावर उभा आहे.

हा डोलारा उभा राहिला तोही स्वयंसेवकांमुळेच. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. आंरी द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या अल्जीरियातील धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाला गाठावयास तिकडे आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावात त्याने हजारो जखमी पाण्यावाचून, पट्ट्यांवाचून पडलेले पाहिले, आणि गावातल्या बायकांना हाताशी धरून, हा आपला तो परका असा भेद न करता, त्यांची शुश्रूषा सुरू केली. त्याच्या धडपडीतून १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. द्युनाँ स्वतः पुढे दिवाळखोरीत निघाला आणि १९०१ मध्ये शांततेच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला, ही कथा सर्वश्रुत आहे. कराराचे अर्थकारण मात्र तितके लक्षात घेतले जात नाही. सैनिक लढविणे ही राज्यसंस्थेची इच्छा. जखमी सैनिकांची काळजी घेणे ही तिची जबाबदारी. ती पुरती पार पाडण्याइतकी वैद्यकीय व्यवस्था राज्यांपाशी नव्हती. ती उणीव समाज भरून काढील, मात्र त्याच्या मोबदल्यात राज्यांनी उपचार करणाऱ्यांवर शस्त्र उगारावयाचे नाही, असा हा सौदा होता. स्वयंसेवकाला वेतन नको असते, मानचिन्हही नको असते. त्याच्या सेवेची जगाने कबूल केलेली किंमत एकच, आणि ती म्हणजे संरक्षण.

या सौद्यात एक मोठे छिद्र राहिले. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी दोन राज्यांमधील युद्धाची बरीच तरतूद केली. जखमींची सेवा केल्याबद्दल कोणालाही त्रास देऊ नये वा शिक्षा करू नये, असेही पहिल्या करारात आले. परंतु देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठी या चारही करारांत मिळून एकच सामाईक कलम आहे, तिसरे. जखमींना गोळा करून त्यांची काळजी घ्यावी, असे ते सांगते. काळजी घेणाऱ्याचे काय, याविषयी ते मौन पाळते. आणि १९४५ नंतरची बहुसंख्य युद्धे तर याच प्रकारची.

प्रोटोकॉल या नावाने ओळखले जाणारे १९७७ चे दोन पूरक करार हे छिद्र बुजविण्यासाठी झाले. नागरी वैद्यकीय सेवकांना स्पष्ट संरक्षण मिळाले. वैद्यकाच्या नीतीला धरून केलेल्या उपचाराबद्दल, मग रुग्ण कोणत्याही पक्षाचा असो, कोणालाही शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व पहिल्या करारात आले. दुसऱ्याने ते देशांतर्गत युद्धालाही लागू केले. सामान्य नागरिकांनी आपण होऊन जखमींना उचलले, आसरा दिला, तर त्यांच्या केसालाही धक्का लागू नये, असेही पहिला करार सांगतो. कास्तिल्योनेच्या बायकांना इतक्या निःसंदिग्ध शब्दांत संरक्षण मिळण्यास शंभरांवर वर्षे लागली म्हणावयाची.

हे संरक्षण कोणासाठी, हे समजण्यास आपल्याच सीमेवरचे उदाहरण पुरेसे आहे. १९७१ मध्ये डॉ. जफरुल्ला चौधरी आणि डॉ. एम. ए. मोबीन हे इंग्लंडमधील आपले काम व अभ्यास सोडून निघाले आणि त्यांनी त्रिपुरातील विश्रामगंज येथे बांबूच्या झोपड्यांत ४८० खाटांचे बांगलादेश फील्ड हॉस्पिटल उभारले. प्रशिक्षित परिचारिका मिळेनात, तेव्हा निर्वासित तरुणींना थोड्याच दिवसांत जखम धुणे, सलाईन लावणे, शस्त्रक्रियेत हात देणे शिकविले गेले. ही सारी माणसे स्वयंसेवक. सीमेपलीकडच्या पाकिस्तानी राजवटीच्या दृष्टीने ती बंडखोरांना साहाय्य करणारी गुन्हेगार होती. भारताच्या भूमीवर होती म्हणून निर्धास्त राहिली. त्या अनुभवातूनच पुढे साव्हारचे गणस्वास्थ्य केंद्र उभे राहिले, खेड्यातील मुलींना आरोग्यसेविका करण्याचा तेथील प्रयोग जगभर अभ्यासिला गेला. स्वयंसेवक डॉक्टराची किंमत त्याने बांधलेल्या पट्ट्यांवरून करू नये. त्याच्या मागे काम जाणणारे किती हात उरले यावरून करावी. मग असा एक डॉक्टर मारला जातो तेव्हा नेमके किती नुकसान होते याची थोडीफार कल्पना येईल.

आणि ते मारले जात आहेत. सीरियात २०१२ च्या जुलैत दहशतवादविरोधी कायदा आला आणि सरकारविरोधी प्रदेशातील जखमींवर उपचार करणे हाच व्यवहारतः गुन्हा ठरला. पुढच्या दहा वर्षांत तेथे नऊशेहून अधिक वैद्यकीय सेवक ठार झाल्याची नोंद डॉक्टरांच्या एका मानवी हक्क संघटनेने केली आहे. हल्ला होऊ नये म्हणून आपला ठावठिकाणा युद्धमान पक्षांना कळविण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांनी तेथे घालून दिली होती. कळविलेल्या ठिकाणीच बॉम्ब पडू लागले, तेव्हा काही रुग्णालयांनी पत्ता देणेच थांबविले. अफगाणिस्तानात कुंदूझ येथे ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकी विमानाने 'मेदसँ सां फ्राँतिएर' या संस्थेच्या रुग्णालयावर मारा केला. त्याचेही अक्षांश-रेखांश आधीच कळविलेले होते. ४२ माणसे गेली: २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ रुग्णांचे सोबती. अमेरिकी लष्कराने ती चूक असल्याचे सांगून १६ जणांवर प्रशासकीय कारवाई केली; खटला कोणावरही नाही. मृतांच्या वारसांना प्रत्येकी सुमारे ६ हजार डॉलर देण्यात आले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा आकडा टिपून ठेवावा. मृत कर्मचारी सर्व अफगाण होते, हेही टिपावे. युद्धभूमीवरील डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी माणूस येतो, पण मरतो तो बहुधा त्या गावचाच असतो. २०२५ च्या मार्चमध्ये गाझातील रफा येथे जखमींच्या मदतीस निघालेले १५ वैद्यकीय व बचाव कर्मचारी इस्रायली गोळीबारात मारले गेले, तेही तेथलेच.

यावर कोणी म्हणेल की सीरियाने तर पहिल्या पूरक करारास मान्यता दिली होती, अफगाणिस्तानने दोन्हींस. मग कागदाचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. कायद्याने बॉम्ब अडत नाही. परंतु कुंदूझनंतर सारे जग ज्या भाषेत जाब विचारीत होते, ती भाषा याच करारांनी दिली. २०१६ च्या मे महिन्यात सुरक्षा समितीने रुग्णालयांवरील हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला, तोही त्याच पायावर. कायदा मोडला गेला असे म्हणता यावे यासाठी आधी कायदा असावा लागतो. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचे कलम रद्द करा, असे कोणी म्हणत नाही.

भारताची अडचण काय? पहिल्या पूरक करारास १७० हून अधिक राष्ट्रांनी मान्यता दिली आहे. अमेरिका व पाकिस्तान यांनी मान्यता दिली नाही, पण निदान सही केली. भारताने सहीही केली नाही. अंतर्गत बंडाळीला 'युद्ध' म्हटले की बाहेरच्यांना हस्तक्षेपास वाव मिळेल, ही भीती त्यामागे आहे, आणि आपल्या ईशान्येचा व काश्मीरचा इतिहास पाहता ती निव्वळ काल्पनिक म्हणता येणार नाही. तथापि दंगली, तुरळक हिंसाचार, अंतर्गत अशांतता यांना आपण लागू नाही, असे दुसरा करार आरंभीच सांगतो. देशाच्या सार्वभौमत्वास व सुव्यवस्था राखण्याच्या सरकारच्या जबाबदारीस त्याने बाध येत नाही, हेही त्यात नमूद आहे. रुग्णांविषयीच्या माहितीच्या गुप्ततेतही देशाच्या कायद्याला मान ठेवलेला आहे. भीतीचे उत्तर कराराच्या मजकुरातच असताना ती इतकी वर्षे उराशी धरून बसणे यास सावधगिरी न म्हणता आळस म्हणावे लागेल.

बांगलादेशाने दोन्ही पूरक करारांस १९८० मध्ये मान्यता दिली. चीनने १९८३ मध्ये दिली. विश्रामगंजच्या झोपड्या ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या तो देश, आणि कोटणीस ज्या मातीत विसावले तो देश, दोघेही या करारांत आहेत. ज्या देशाने डॉक्टर पाठविला आणि ज्याने रुग्णालयाला जागा दिली, तो नाही.

दोन्ही करार एकदम स्वीकारावेत असेही बंधन नाही. ब्रिटनने पहिल्या करारास १९९८ मध्ये मान्यता दिली ती आपल्या अर्थाचे अनेक खुलासे सोबत जोडून. तो मार्ग भारतालाही मोकळा आहे. पहिला करार आधी घ्यावा, दुसऱ्याचा विचार संसदेच्या समितीकडे सोपवावा आणि त्याप्रमाणे १९६० च्या आपल्या जिनिव्हा करार अधिनियमात दुरुस्ती करावी. सरकारी तिजोरीवर याचा बोजा नगण्य आहे. सोलापूरच्या खासदाराने लोकसभेत याविषयी एक अतारांकित प्रश्न टाकला, तरी निदान परराष्ट्र मंत्रालयास आपली कारणे लेखी द्यावी लागतील.