पोटगीचा दावा न लावणारी आई

बापाने टाकलेल्या मुलाला सरकारी साहाय्य हवे असेल, तर बापाकडून पोटगी वसूल करण्याच्या कामी आईने सहकार्य केलेच पाहिजे, अशी अट ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने घातली. जी आई बापाचे नाव सांगणार नाही, तिच्या भत्त्यात कपात होई. आईला वा मुलाला इजा पोचण्याचे भय असेल तरच सूट मिळे. ही सक्ती २००८ मध्ये तेथे रद्द झाली. अमेरिकेत मात्र १९९६ च्या कायद्यानुसार अशा कुटुंबाची रोख मदत निदान २५ टक्क्यांनी घटविली जाते.

महाराष्ट्रात असे कलम नाही, म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळालेल्या घटस्फोटितेला, तसेच घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रीला साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. परंतु जी कोर्टाची पायरी चढलीच नाही, ती टाकलेली बाई कागदोपत्री सौभाग्यवतीच राहते! शिक्षेचे नाव न घेता केलेली ही कपातच नव्हे काय?

आणि ती दावा का लावीत नाही? प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते. नवरा पोटगीऐवजी मुलाचाच ताबा मागेल, ही धास्ती असते. हुकूम मिळाला तरी थकबाकीसाठी वर्षाच्या आत पुन्हा अर्ज तिनेच करावयाचा. पूर्वीचे कलम १२५ जाऊन जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १४४ आले, तरी हा भार हलला नाही. बाप पगारदार असेल तर पगाराला हात घालता येतो. इचलकरंजीत आज या मागावर, उद्या त्या मागावर काम करणाऱ्याच्या पगाराचा दाखला कोण देणार?

विनाअट अनुदान दिल्यास बेजबाबदार बाप मोकळा सुटेल, हा आक्षेप खोटा नाही. पण दंड होतो आईला आणि भाकरी कमी होते पोराची. शेतसारा थकला तर जप्तीचा अधिकार महसूल खात्याला आहे, आणि निराधारांचे अर्ज घेणारी तहसील कचेरी त्याच खात्याची. अनुदान आधी द्यावे व तेवढी रक्कम सरकारने बापाकडून शेतसाऱ्याप्रमाणे वसूल करावी. आईकडून फक्त त्याचे नाव आणि ठावठिकाणा घ्यावा. मारहाणीचे भय असेल तर तेवढेही विचारू नये.