काखेची जात कोणती?

दोस्तांनो, मी मालवणच्या धक्क्यावर हमाली करतो. पहाटे ट्रॉलर लागले की बांगड्याचे क्रेट डोक्यावर आणि बर्फाच्या लाद्या खांद्यावर. दहावी पास आहे, कविता करतो, त्याचं धक्क्यावर कुणाला काही पडलेलं नाही. आणि माझ्या मांडीत नायटा आहे. हे छापून आलं की घरचे शरमेने तोंड लपवतील. लपवू देत. मला त्या लपवालपवीबद्दलच लिहायचंय.

गेल्या पावसाळ्यात एका डॉक्टरकडे गेलो. नाव विचारलं, सांगितलं. आडनावावरून त्याचं समाधान झालं नाही, कोकणात आडनावं फसवतात. मग म्हणाला, "खयच्या वाडीतलो तू?" आमच्याकडे हा प्रश्न पत्त्यासाठी विचारत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाडी सांगितली. त्याने पेनाच्या टोकाने माझी लुंगी बाजूला केली, खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाला, "आंघोळ करीत जा रे." फी मात्र हातानेच घेतली.

आंघोळ! अरे, मी दिवसातून तीनदा अंगावर पाणी घेतो. लहानपणापासून शिकवलंय ना, तुमच्या अंगाला वास येतो. शाळेत मागच्या बाकावर बसलो त्या वासाने. म्हणून लाल साबणाने कातडी सोलेपर्यंत घासायचो. आता वाचून कळलं की तेच चुकत होतं. कातडी जरा आंबट असते, साबण खारट, म्हणजे अल्कली. घासून घासून मी माझ्याच कुंपणाला भोकं पाडत होतो.

कातडीवर वस्ती आहे, दोस्तांनो. आपल्या वस्तीसारखीच, दाटीवाटीची. ओलसर जागी एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाखांपर्यंत जंतू नांदतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा एक तिथला जुना रहिवासी. तो असं रसायन सोडतो की त्याचाच भाऊबंद, गळवं आणणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, सहजासहजी घर करू शकत नाही. म्हणजे जंतू म्हणजे घाण, हा हिशेबच खोटा. राखणदारही जंतूच आहे. आणि हा ऑरियस, तोही जगातल्या साधारण दर चार माणसांत एकाच्या नाकात गुपचूप बसून असतो. सोवळ्यातल्या नाकातसुद्धा.

आता वासाचं ऐका. घामाला स्वतःचा वास नसतो. काखेतल्या ग्रंथींचा पाझर कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस होमिनिस हे जंतू फोडतात, तेव्हा वास सुटतो. हे जंतू माणसाच्या काखेत असतात. महाराच्या काखेत असतात असं नाही, माणसाच्या.

2009 साली अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दहा धडधाकट माणसांच्या कातडीवरच्या वीस जागा तपासल्या. काख, कोपर, नाकाची बाजू, पायाच्या बोटांची बेचकी. निष्कर्ष असा की कुठली वस्ती कुठे, हे मुख्यतः जागा ठरवते. ओली, कोरडी की तेलकट. म्हणजे माझ्या काखेतली वस्ती माझ्याच हाताच्या कोरड्या कातडीवरच्या वस्तीपेक्षा त्या डॉक्टरच्या काखेतल्या वस्तीशी जास्त मिळतीजुळती. तो एसीत बसतो, मी क्रेट उचलतो, फरक एवढाच. काखेला काख ओळखते. मनूने एवढे अध्याय लिहिले, काखेबद्दल लिहायचं राहून गेलं.

आपल्या कोकणातलाच दाखला घ्या. 20 मार्च 1927, महाड. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हजारो माणसं प्यायली. त्या तळ्यावर इतरांची गुरं पाणी पीत होती, तेव्हा काही बाटलं नव्हतं. माणसं प्यायली तसं बाटलं. मग शुद्धीकरण. 108 घागरी, दूध, दही, शेण आणि गोमूत्र. मी ह्यावर धक्क्यावर बसून पुष्कळ विचार केलाय. ओंजळीने पाणी पिणाऱ्याच्या हातावरचे जंतू किती, आणि घागरीतल्या शेणातले किती? पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध, आणि तहानलेले अशुद्ध! सूक्ष्मदर्शक तेव्हा होता. मुंबईत हाफकिन साहेब प्लेगची लस तीस वर्षांपूर्वीच करून गेले होते. अडाणी होते म्हणून सोडून द्यावं, अशी ही गोष्ट नाही.

आणि पेनवाल्या डॉक्टरसाठी व्हिएन्नाची गोष्ट. 1847 साली तिथल्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एक सुइणींचा, एक डॉक्टरांचा. डॉक्टरांच्या वॉर्डात बाया पटापट मरायच्या, सुइणींच्या वॉर्डात कमी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोधलं की मोठे लोक मुडदे फाडून त्याच हातांनी बाळंतपणं करतात. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मरण कितीतरी घटलं. पण आपले हात घाणेरडे असू शकतात हेच पुष्कळांना मान्य होईना. सेमेलवाइस 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. प्रतिष्ठित हातांची घाण दाखवली की असं होतं.

असो. माझ्या नायट्याकडे येतो. नायट्याची बुरशी ही त्या राखणदार वस्तीतली नव्हे, उपरी आहे. कातडीतलं केराटिन खाते. तिला ऊब आणि ओल लागते, वाडी नाही लागत. आम्ही खारट पाण्यात आणि बर्फाच्या वितळणीत दिवस काढतो, पायांच्या बोटांत चिखल्या, मांडीत ओली चड्डी. जून-जुलैत मासेमारी बंद, तर भाताच्या लावणीला चिखलात. पाय सुकतात कधी? धक्क्यावर गोडं पाणी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. हे आमच्या कातडीचं दुखणं आहे की रोजगाराचं?

डॉक्टरच्या चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या होत्या. मेडिकलवाला म्हणाला, एवढा खर्च कशाला, ही ट्यूब ने. दोन दिवसांत खाज बंद. खरंच बंद झाली. मी त्याला दुवा दिला. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल होतं, जालीम स्टेरॉइड. ते बुरशीला मारत नाही, बुरशीशी लढणाऱ्या आपल्या अंगाला झोपवतं. लाली उतरते, खाज थांबते, आणि खाली बुरशी पसरत राहते. ट्यूब सोडली की दुप्पट. महिन्याभरात मांडीवरून पोटावर, कातडी कागदासारखी पातळ, वर चट्टे. अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 सालीच झाला. मला चिठ्ठी कुणी विचारली नाही.

हे माझ्या एकट्याचं नाही. गेल्या दहाबारा वर्षांत देशभर न हटणाऱ्या नायट्याची साथ आहे. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी मरणारी बुरशी आता पुष्कळांच्या अंगावर त्याला दाद देत नाही. 2020 साली जपानमध्ये तिचं बारसं झालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. हिंदुस्थानचं नाव लागलं. पुढे ती अमेरिकेतही सापडली. पासपोर्ट मिळाला तिला, मला अजून नाही.

आता आपल्या माणसांशी भांडतो. मुकादमाला माझे चट्टे दिसले तर तो म्हणाला, "खाज गेली की ये. तवसर माशाक हात लावू नको." बारा दिवसांचा रोज बुडाला. हे बघून बाकीचे काय शिकले? लपवायला. एकजण तर रात्री दिवा घालवून ट्यूब लावतो. विचारलं तर म्हणतो, "माका काय झाला नाय." सहा माणसांत टॉवेल एक, बायकोला झालंय, पोराला झालंय. अरे, वाण्याच्या पोरालाही नायटा होतो. तो स्पेशालिस्टकडे जातो आणि आपण अंधारात ट्यूब चोळतो, कारण आपल्याला आतून वाटतं की हे आपल्या जातीला शोभतंच. हा विटाळ त्यांनी आपल्या हाडात घातलाय आणि आपण तो चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब विकत घेऊन पाळतोय. तुमच्यातले मुंबई-पुण्याचे, कॉलेजात जाणारे, फवारे मारून काखा लपवणारे, तुम्हीही हसू नका. तुमचीही तीच गोष्ट आहे, फक्त बाटली महाग.

मी आता कातडीच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतोय, पूर्ण घेणार. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, घरातल्या सगळ्यांची तपासणी एकदम. ट्यूब समुद्रात फेकणार होतो, पण बांगड्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून चुलीत घातली.

धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ, आडोशाच्या दोन खोल्या, गमबूट, आणि आठवड्यातून एक दिवस सरकारी दवाखान्यात कातडीचा डॉक्टर, एवढं मागणारा अर्ज मी लिहिलाय. खाली अकरा सह्या झाल्यात, तीन अंगठे. ट्यूबवाल्याने अजून सही केलेली नाही. सोमवारी अर्ज द्यायला जातोय, शर्ट काढून.