एक पान आणि एकवीस दरवाजे

पावसाळ्यात नर्मदेचे पाणी चढले की जबलपूरजवळच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. एकूण दरवाजे २१. त्यांतले किती उघडणार, किती वाजता, किती क्युसेक पाणी सुटणार आणि खाली ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट इथल्या लोकांनी काय काळजी घ्यायची, हे आधी कळवावे लागते. ही सूचना जिल्हा कार्यालयात जाते, वर्तमानपत्रांत जाते, गावच्या कोटवाराच्या हाती जाते आणि आता मोबाइलवरही फिरते.

म्हटले तर काम एका पानाचे. थोडा मजकूर, पाणीपातळीचा एक आलेख, एखादा नकाशा किंवा छायाचित्र. पण असे पान कशावर तयार करायचे, हा विषय निघाला की कोणत्याही कार्यालयात चार जणांची चार मते पडतात. एकाला वर्ड पुरेसे वाटते, दुसऱ्याचा हात पॉवरपॉइंटवर बसलेला असतो, तिसऱ्याच्या मते पेजमेकरला तोड नाही आणि नव्याने नोकरीला लागलेली मुलगी कॅनव्हाचे नाव घेते. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचे सॉफ्टवेअर निवडले जाते. पान पुढे कोणाच्या हातात पडणार आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

कागद आणि जमीन यांचा मेळ बसला नाही तर काय होते, हे बरगीच्या लोकांनी पाहिले आहे. धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. अंदाजात १०१ गावे पाण्याखाली जाणार होती. प्रत्यक्षात १६२ बुडाली. पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वस्त्याही त्यात गेल्या. हा दोष काही सॉफ्टवेअरचा नव्हता. पण नकाशा एका फायलीत, आकडे दुसरीत आणि मजकूर तिसरीत असला की त्यांच्यातली तफावत कोणाच्या नजरेत भरत नाही, एवढे मात्र खरे. तिन्ही गोष्टी एका पानावर शेजारी शेजारी आणायच्या त्या याचसाठी. पान सुंदर दिसणे हा त्यानंतरचा लाभ.

आता एकेक सॉफ्टवेअर पाहू. वर्डविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे चित्र जागेवर राहत नाही. वर दोन ओळी वाढवल्या की ते उडी मारून पुढच्या पानावर जाते. याला उपाय आहे. चित्र मजकुराच्या ओळीतच बसवायचे, किंवा दोन रकान्यांचा तक्ता करून एका रकान्यात चित्र आणि दुसऱ्यात मजकूर ठेवायचा. तक्त्याच्या रेषा नंतर पुसून टाकता येतात. एवढे जमले तर एक-दोन पानांच्या रोजच्या सूचनेसाठी दुसरे काही विकत घ्यायची गरज नाही. ज्यांना पैसे द्यायचेच नाहीत, त्यांच्यासाठी लिबरऑफिस आहे. २०१० पासून ते फुकट मिळते आणि त्यात मजकूर, आकडेमोड व चित्रजुळणी तिन्हींची सोय आहे.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले ते भाषण करणाऱ्याच्या मदतीसाठी. बोलणारा समोर उभा आहे आणि मागे पडद्यावर चार ओळी दिसताहेत, ही त्याची खरी जागा. त्याच्या चौकटी सहज हलतात, म्हणून पुष्कळ जण त्यात अहवालही लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. २००३ मध्ये कोलंबिया हे अमेरिकेचे अंतराळयान परतताना कोसळले आणि सात अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात अशा स्लाइडवरही बोट ठेवले. यानाच्या पंखाला बसलेल्या धोक्याची महत्त्वाची गोष्ट एका स्लाइडमध्ये खाली, बारीक अक्षरात दडून राहिली होती. सविस्तर तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर विसंबण्याची सवय मंडळाला घातक वाटली. धरणाचे दरवाजे किती वाजता उघडणार, ही ओळ अशी खालच्या कोपऱ्यात गेली तर?

पेजमेकरची गोष्ट वेगळी. १९८५ मध्ये ते आले आणि डीटीपी हा शब्द घरोघरी पोहोचला. आपल्याकडे कित्येक लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल त्यावर जुळले. परंतु २००१ नंतर त्याची नवी आवृत्ती निघालेली नाही, आणि मोबाइलवर ज्या युनिकोडमध्ये आपण लिहितो तो त्याला कळत नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. आज राज्ये वेगळी आणि कारभाराच्या भाषाही वेगळ्या, पण लिपी तीच, म्हणून ही अडचणही दोन्हीकडे सारखीच. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. कोटवाराला ती वाचून दाखवता येणार नाहीत.

पेजमेकरच्या जागी इनडिझाइन आले. ते उत्तम आहे, पण त्याचे भाडे सतत भरावे लागते. देवनागरीची जोडाक्षरे नीट यावीत म्हणून त्यात एक वेगळी सोय निवडावी लागते, नाहीतर वेलांटी आणि रफार भलतीकडेच बसतात. तसेच काम फुकट करायचे तर स्क्रायबस आहे. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. दर महिन्याला चाळीस पानी अहवाल काढणाऱ्या कार्यालयाने ते शिकून घ्यावे. कॅनव्हा २०१३ चे. ते झटपट आहे, दिसायला छान आहे, पण इंटरनेट लागते. ऐन मुसळधार पावसात लाइन गेली की काय करणार? मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशरवर नव्याने विसंबू नये हे बरे. त्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आधार देणार असल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

खरी मेख मात्र आलेखात आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. एक्सेलमधला आलेख पानावर दोन तऱ्हांनी आणता येतो. जोडणी ठेवून आणला तर आकडे बदलताच तोही बदलतो. पण ती आकड्यांची फाइल सोबत नसेल तर जुनाच आलेख तसाच राहतो. चित्र म्हणून आणला तर तो तिथेच गोठतो. दोन्ही रीती चालतील, मात्र आलेखाच्या आतच तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. सकाळी सहाची पातळी संध्याकाळी सहाची म्हणून फिरू लागली तर घाटावरच्या माणसाला ते कसे कळणार?

दुसरी गोष्ट पट्टीची. बरगीची पूर्ण जलपातळी ४२२.७६ मीटर आहे. उभ्या खांबांचा आलेख काढून पट्टी शून्यापासून सुरू केली तर ४२१ आणि ४२२ चे खांब सारखेच दिसतील, आणि तो एक मीटर तर सर्वांत महत्त्वाचा. खांबांची पट्टी शून्यावरून उचलली तर उंचीचे प्रमाणच खोटे ठरते. म्हणून इथे रेषेचा आलेख घ्यावा, पट्टी ४१५ पासून ठेवावी आणि पूर्ण पातळीची आडवी रेघ ठळक ओढावी. संगणक आपल्या मनाने पट्टी ठरवतो. ती बदलायची सोय सोपी आहे की नाही, हे सॉफ्टवेअर निवडताना जरूर पाहावे.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगायचे तर छपाईत पाच इंच रुंद हवे असेल तर मूळ चित्र निदान १५०० बिंदू रुंद असावे. मोबाइलवरून दोन-तीनदा पाठवलेले चित्र बहुधा तेवढे उरत नाही. आलेख जेपीजीऐवजी पीएनजी स्वरूपात घ्यावा, नाहीतर आकड्यांभोवती धूसर डाग पडतात. आणि पान कशावरही जुळवा, बाहेर पाठवताना ते पीडीएफ करावे. त्यात फाँट सोबतच जातो.

कार्यालयातल्या चार मतांचा निकाल लावण्यासाठी पैसे लागत नाहीत. गेल्या पावसाळ्यातली एक जुनी सूचना घ्यावी आणि ज्याने त्याने आपल्या आवडीच्या सॉफ्टवेअरवर ती तासाभरात जुळवावी. मग दरवाज्यांची संख्या ७ ची ९ करून पान दहा मिनिटांत पुन्हा काढायला सांगावे, आणि तेही मूळ पान जुळवणाऱ्याने नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने. तयार झालेली पाने कार्यालयाच्या साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापावी आणि एखाद्या स्वस्त मोबाइलवरही उघडून पाहावी. लाल रेघ छपाईत करडी होऊन इतर रेघांत मिसळली, तर ती तुटक काढावी.