कॅसेट डुप्लिकेट, भाव ओरिजिनल

बाजारहाट : गोंदियाकर

खेळ संपत आलेला असतो. एलिट फोर म्हणवणारे शेवटचे चार गडी आणि त्यांच्यावरचा चॅम्पियन हरलेला असतो, पडद्यावर नावं सरकत असतात. आता विजयाची नोंद झाली की सुटलो. मशीन बंद करून पुन्हा लावावं, तर नोंद नाही आणि आधीचा तीस तासांचा खेळही नाही. नवा डाव मांडा, एवढंच. 'पोकेमॉन एमराल्ड'ची डुप्लिकेट कॅसेट अनेकदा फसवते ती इथं, शेवटच्या पायरीवर. तोवर माल परत करायची मुदत केव्हाच उलटलेली असते.

या सदरात एरवी बियाणं, सोनं, मोबाइल असे विषय येतात, त्यापुढं हा पोरखेळ वाटेल. पण या कॅसेटी पोरं विकत घेत नाहीत. घेतात ती तिशी-पस्तिशीतली कमावती माणसं. २००३ साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आलं तेव्हा ही मंडळी शाळेत होती. एमराल्ड ज्यावर चालतो ते गेम बॉय ॲडव्हान्स हे यंत्र गोंदियातल्या दुकानात दिसायचं नाही. ज्यांनी तो खेळ खेळला त्यांनी सायबर कॅफेतल्या संगणकावर, तासाचे पैसे मोजून. आता पगार हातात आहे, मोबाइलवर जाहिरात दिसते आणि राहून गेलेली हौस भागवायची असते. असं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

डुप्लिकेट आपल्याला नवं नाही, हेही कबूल करू. नव्वदच्या दशकात निन्टेन्डोचं एनईएस भारतात 'सामुराई' या नावानं रीतसर विकलं जात होतं, पण ते पाहिलेली माणसं थोडीच. आपल्या घरात आली ती लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांची नकली यंत्रं. त्यांत बसायची ती साठ पिनांची, बहुधा पिवळ्या रंगाची कॅसेट. मूळ यंत्र जपानी, १९८३ सालचं फॅमिकॉम. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि लावून पाहिलं की तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ, रोड फायटर, रणगाड्यांचं बॅटल सिटी, सर्कस चार्ली. काँट्रासाठी वेगळी कॅसेट. चालेना झाली की तोंडाजवळ धरून फुंकर मारायची. यातली एकही कंपनीची नव्हती आणि तसं कुणी सांगतही नव्हतं. दुकानदार डुप्लिकेट म्हणून विकायचा, आपण डुप्लिकेटच्या भावात घ्यायचो, कंटाळा आला की थोडे पैसे वर देऊन दुसरी बदलून आणायचो.

कायद्याच्या नजरेत ती चोरीच होती. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं २००९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जगातल्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत टाकलं, अलीकडं मुंबईच्याच हीरा पन्ना या बाजाराचंही नाव तसंच आलं. पण त्या व्यवहारात गिऱ्हाइकाची फसवणूक नव्हती. आजच्या व्यवहारात आहे, आणि माझा राग तेवढ्यावरच आहे. आज फोटो मूळ कॅसेटचा असतो, वर्णनात 'ओरिजिनल, रेअर, टेस्टेड' लिहिलेलं असतं, भाव मूळ मालाच्या जवळपास असतो आणि पाकिटातून निघते ती नक्कल. मूळ एमराल्डची नुसती कॅसेट परदेशातल्या जुन्या बाजारात शंभर डॉलरच्या पुढं जाते. नक्कल करायला लागतो तो स्वस्तातला चिप, प्लास्टिकचं कवच आणि रंगीत लेबल. एवढी तफावत दिसली की कुणाचाही हात शिवशिवेल. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदी-ॲपवर बंदी आली. तोवर चिनी नक्कल नकलीच्याच भावात थेट मागवता येत होती आणि घेणाऱ्यालाही ती नक्कल असल्याचं कळत असायचं. ती वाट बंद झाल्यावर मधल्या विक्रेत्याचं फावलं, असा माझा अंदाज आहे.

आता पारख कशी करायची ते सांगतो. गोंदियाच्या राइस मिलमध्ये तांदूळ घेणारा अख्खं पोतं उसवत बसत नाही. लोखंडी परखी खुपसतो, ओंजळभर दाणे तळहातावर घेतो आणि तुकडा किती, ओल किती ते सांगतो. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटचंही तसंच. ती उघडायच्या आधी खालच्या फटीतून आत पाहा. सोनेरी पिनांची रांग दिसेल आणि तिच्या लगेच वर, हिरव्या पट्टीवर, बारीक अक्षरांत निन्टेन्डोचं नाव. मूळ कॅसेटवर ते असतंच. नकलीवर बहुतेक वेळा ती जागा कोरी असते. अलीकडच्या काही नकलांनी तेही छापायला सुरुवात केली आहे, म्हणून नाव नसेल तर निकाल लागला, पण नाव असेल तर चौकशी पुढं चालू ठेवायची.

मग कॅसेट उजेडात तिरकी धरा. मूळ लेबलवर एका बाजूला दोन आकडे, कधी त्यांच्या जोडीला एक अक्षर, दाबून उमटवलेलं असतं. शाई नसते, नुसता ठसा. समोरून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही, त्यामुळं फोटो मागताना तिरका फोटो मागायचा. लेबलच्या खालच्या कोपऱ्यात सांकेतिक क्रमांक असतो. अमेरिकेत विकलेल्या एमराल्डवर तो 'एजीबी-बीपीईई-यूएसए' असा, याच यंत्रावरच्या पोकेमॉनच्या इतर खेळांपैकी फायररेडवर 'बीपीआरई', लीफग्रीनवर 'बीपीजीई', रुबीवर 'एएक्सव्हीई'. नक्कल करणारे आळशी असतात, एका खेळाचा क्रमांक बिनदिक्कत दुसऱ्यावर चिकटवतात. पाठीमागचा स्क्रू पाहा. मूळ कॅसेटला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. साध्या स्टार पेचकसानं फिरणारा असेल तर एक तर माल नकली, नाही तर मध्ये कुणीतरी उघडून बदललेला. दोन्ही वेळा विक्रेत्याला प्रश्न विचारायला हरकत नाही.

उघडायची तयारी असेल तर आतलं चित्र जास्त बोलकं आहे. मूळ पट्टीवर काळे चौकोनी चिप नीट बसवलेले, त्यांवर छापील क्रमांक. स्वस्त नकलीत त्यांच्या जागी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा गोळा. आणि बॅटरी. इथं बरेच जण चुकतात. रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये गोल बॅटरी असते, पण ती खेळातलं घड्याळ चालवण्यापुरती. खेळाची नोंद वेगळ्या फ्लॅश मेमरीत राहते, तिला बॅटरी लागत नाही. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये घड्याळच नाही, म्हणून बॅटरीही नाही. तेव्हा फायररेड उघडली आणि आत बॅटरी निघाली, तर ती कंपनीची नव्हे. नकलीत फ्लॅश मेमरीऐवजी स्वस्त मेमरी घालतात, ती जिवंत ठेवायला बॅटरी जोडतात आणि खेळ तिच्यावर चालावा म्हणून मूळ प्रोग्रॅममध्ये ठिगळ लावतात. ठिगळ अर्धवट असलं की पडद्यावर '१एम सब-सर्किट बोर्ड' बसवलेला नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, किंवा सुरुवातीला सांगितलं तसा ऐन विजयाच्या क्षणी घात होतो.

एका संदेशावर मात्र निकाल देऊ नका. एमराल्ड सुरू करताना आतली बॅटरी संपली आहे, असं लिहून येतं. वीस वर्षांच्या मूळ कॅसेटची बॅटरी संपलेली असणारच, आणि घड्याळाचा भागच न बसवलेल्या नकलीवरही हाच संदेश येतो. विक्रेते याचा दोन्हीकडून उपयोग करतात. कोणाला 'जुनी आहे म्हणजेच ओरिजिनल' सांगतात, कोणाला 'फक्त बॅटरी बदलून घ्या' म्हणतात.

निन्टेन्डो डीएसच्या कॅसेटींबद्दल एकच सांगतो. पोकेमॉनच्याच 'हार्टगोल्ड', 'सोलसिल्व्हर' आणि पुढचे 'ब्लॅक', 'व्हाइट' यांच्या कॅसेटींत इन्फ्रारेडची सोय आहे, म्हणून त्यांचं कवच काळसर पारदर्शक असतं आणि प्रखर उजेडापुढं धरलं की लालसर झाक मारतं. साध्या राखाडी कवचातली हार्टगोल्ड कुणी मूळ म्हणून देऊ लागला तर पुढं बोलूच नका. आणि निन्टेन्डोच्याच २०१७ सालच्या स्विच या यंत्राच्या कॅसेटवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून जहाल कडू द्रव्याचा लेप असतो. त्यानं पारख करू नये. चव रेंगाळते.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४३) मध्ये अशा मालाची सरळ व्याख्या आहे : जो माल अस्सल असल्याचा खोटा दावा केला जातो तो नकली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल नकली निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला, पैसे परत करायला नकार देता येत नाही. विक्रीच्या मंचावर तक्रार अधिकारी असलाच पाहिजे, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण दिलं पाहिजे. न दिलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याहीपुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीत असो की सुरतेत, तक्रार तुम्ही राहता तिथं, म्हणजे गोंदियातच दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सालेकसा किंवा देवरीहून येणाऱ्याला ऑनलाइन दाखल करायचीही सोय आहे.

ऐकायला छान. पण याच नियमांना एक भोक आहे, आणि कॅसेटींचा निम्मा धंदा त्या भोकातून चालत असावा. जो माणूस नियमित धंदा म्हणून नव्हे, तर आपली वैयक्तिक वस्तू म्हणून काही विकतो, त्याला हे नियम लागू नाहीत. इन्स्टाग्रामवर किंवा जुन्या वस्तूंच्या ॲपवर 'माझं कलेक्शन विकतोय' म्हणणारा पठ्ठ्या त्यात बसतो. दर महिन्याला त्याच्या कलेक्शनमधून दहा नव्या कोऱ्या एमराल्ड कशा निघतात, हे कोण विचारणार? मंचवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा देतो. जाहिरातीचे पैसे घेताना ते असं म्हणत नाहीत. एकाच खात्यावरून तोच खेळ वारंवार विकला जात असेल तर त्याला धंदेवाईक ठरवणं मंचाला अवघड नाही. महागड्या मोबाइलला जशी दारात पाकीट उघडून दाखवायची सोय आहे तशी इथंही देता येईल. ते होत नाही, कारण त्यांना तशी गरज वाटत नाही.

निन्टेन्डो कंपनीलाही मी सोडणार नाही. स्विच भारताच्या बाजारात रीतसर उतरवलाच नाही, जुन्या यंत्रांची तर गोष्टच सोडा. जिथं मूळ माल दुकानात मिळत नाही तिथं गिऱ्हाइकानं मूळ माल हातात घेऊन पाहायचा तरी कुठं? ज्यानं कधी अस्सल पाहिलं नाही त्याला नकली ओळखता येत नाही, आणि नक्कल विकणाऱ्याला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं.

म्हणून पैसे पाठवायच्या आधी चार फोटो मागा : खालच्या फटीचा, तिरक्या लेबलचा, पाठीमागच्या स्क्रूचा, आणि कॅसेटशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक. शेवटचा फोटो इतरांहून महत्त्वाचा, कारण इंटरनेटवरून उचललेल्या चित्राशेजारी तुमची चिठ्ठी ठेवता येत नाही. टाळाटाळ झाली तर सौदा मोडा. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. माल हाती आल्या दिवशीच पारख करा, परतीच्या मुदतीत.

आणि ज्यांच्या कपाटात अशी नक्कल आधीच येऊन पडली आहे त्यांच्यासाठी. ती खेळायला हरकत नाही, मनसोक्त खेळा. पण पैसे वसूल करायला म्हणून बालाघाटच्या किंवा राजनांदगावच्या कुणाला ती ओरिजिनल सांगून गळ्यात मारू नका. विकायचीच असेल तर जाहिरातीत पहिल्या ओळीत 'डुप्लिकेट' असं लिहा आणि भावही डुप्लिकेटचाच लावा.